फ्लूचं रॅपिड किट: दोन सीझननंतर, आणि त्या स्वॅबच्या काडीबद्दल

नव्या लॉटचं खोकं उघडलं आणि स्वॅब पाहूनच डोकं सणकलं. आधीच्या लॉटमध्ये लवचीक काडी होती, टोकाला नायलॉनची बारीक लव. आता जाड, ताठ काडी आणि टोकाला गुंडाळलेला बोळा. डीलर म्हणतो, "मॅडम, किट तेच आहे, स्वॅबने काय फरक पडतो?" सगळा फरक स्वॅबनेच पडतो!

मी पुण्यातल्या लहान मुलांच्या एका हॉस्पिटलची लॅब सांभाळते. पहिल्या पावसाळ्यात या किटबद्दल माझं मत वाईटच होतं. रॅपिड निगेटिव्ह आणि तेच पोर आरटी-पीसीआरला पॉझिटिव्ह, असं वारंवार व्हायचं. या अँटिजेन किटची (विषाणूचं प्रथिन थेट शोधणाऱ्या किटची) संवेदनशीलता, म्हणजे खरोखर फ्लू असलेल्यांपैकी किती जण किट पकडतं ते प्रमाण, साधारण ५० ते ७० टक्केच धरतात. एवढ्यासाठी पालकांच्या खिशाला चाट कशाला, असं मी डॉक्टरांना सांगितलंही.

मत बदललं ते मार्च २०२३ मध्ये, एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची साथ होती तेव्हा. साथीत पॉझिटिव्ह रेघ आली की ती बहुतेक खरीच निघते. पंधरा मिनिटांत कळलं की पोराला वेगळ्या खोलीत हलवता येतं, शेजारच्या खाटेवरचं दम्याचं बाळ वाचतं, आणि 'अँटिबायोटिक द्याच' हा पालकांचा आग्रहही मावळतो. पीसीआरचा रिपोर्ट बाहेरून यायला दुसरा दिवस उजाडतो. अर्थात दाखल झालेल्या पोराची रॅपिड निगेटिव्ह आली म्हणून आमचे डॉक्टर ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध थांबवत नाहीत. ते ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोग होतो.

आता पुन्हा काडीकडे. पीसीआर नमुन्यातला विषाणूचा अंश कैक पटींनी वाढवून बघतं. हे किट तसं करत नाही. काडीवर जेवढं न्यूक्लिओप्रोटीन (विषाणूचं एक प्रथिन) आलं तेवढंच त्याला दिसतं. काडी वरच्या दिशेने नाही, टाळूला समांतर आत न्यायची, काही सेकंद थांबायचं, फिरवत बाहेर काढायची. ताठ काडीने पोर किंचाळतं, मान झटकतं, सिस्टर अर्ध्यातूनच काढून घेते आणि बफरमध्ये (काडी बुडवायच्या द्रवात) नाकपुडीतला नुसता शेंबूड जातो. तरी कंट्रोलची रेघ ठसठशीत उमटते, कारण ती फक्त द्रव पट्टीवरून नीट सरकल्याचं सांगते, नमुना चांगला होता की नाही ते नाही. रिपोर्टवर 'निगेटिव्ह' छापून जातं. मोठ्यांपेक्षा मुलांच्या नाकात विषाणू जास्त असतो, म्हणून हे किट मुलांमध्येच बरं चालतं. नेमका तोच फायदा या काडीने घालवला.

बाकी तक्रार नाही. फ्रिजमधलं किट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि वेळ टळल्यावर उमटलेली रेघ वाचू नका, बस्स.

बाहेरून चांगले स्वॅब आणावेत तर पदरचा खर्च. शिवाय माहितीपत्रकात नसलेला स्वॅब वापरला की रिझल्टची जबाबदारी कंपनी झटकणार. लॉट नंबर घालून लेखी तक्रार दिली आहे. उरलेली खोकी सीलबंद ठेवली आहेत. ती परत नेऊन जुन्या काडीचा माल देईपर्यंत बिल अडवून धरलं आहे.