लेझर वेल्डिंगवरचा मॉनिटर: एक पावसाळा काढल्यानंतर

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात फायबर लेझरवर मुख्यतः एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे सेन्सरचे डबे वेल्ड होतात. भिंत १ मिमीची, आणि शिवण गळता कामा नये ही गिऱ्हाइकाची पहिली अट. त्यासाठी उन्हाळ्यात लेझरच्या हेडवर फोटोडायोडचा मॉनिटर (वेल्ड चालू असताना त्याचा उजेड मोजणारं यंत्र) आणि कोॲक्सियल कॅमेरा, म्हणजे लेझरच्याच वाटेने खाली बघणारा कॅमेरा, बसवला. घ्यावा का, असं बरेच जण विचारतात.

डायोड तीन आहेत. एक वेल्डवरच्या तापलेल्या वाफेचा (प्लाझ्माचा) उजेड बघतो, दुसरा परत फिरलेला १०७० नॅनोमीटरचा लेझर, तिसरा वितळलेल्या पूलमधून येणारं इन्फ्रारेड. प्रत्येक वेल्डच्या तीन रेघा स्क्रीनवर उमटतात. जोडाला तेल राहिलं किंवा दोन भागांत फट पडली, की नेमकं त्या जागी रेघ बिघडते. ऑपरेटरला हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पण चांगलं-वाईट यंत्राला आपोआप कळत नाही. विक्रेत्याने डेमोत भरून दिलेल्या लिमिट, म्हणजे रेघ ज्या पट्ट्यात राहायला हवी त्याच्या मर्यादा, आमच्या फिक्स्चरवर (डबा धरणाऱ्या साच्यावर) काहीच कामाच्या नव्हत्या. शेवटी पॉवर मुद्दाम उतरवून, फोकस हलवून, वेल्डला हवेपासून वाचवणारा आरगॉन वायू बंद करून खराब वेल्ड पाडले. प्रत्येक तुकडा कापून, पॉलिश करून, वेल्डची कड उठून दिसावी म्हणून ॲसिड लावून (एच करून) पेनिट्रेशन, म्हणजे वेल्ड किती खोल गेला ते, मोजलं आणि ते त्या वेल्डच्या रेघांशी ताडून लिमिट बसवल्या. या कामाला वेळ द्यायची तयारी नसेल तर हा मॉनिटर घेऊच नका, हिरव्या दिव्यावर विसंबून खराब माल बाहेर जाईल.

खरी किंमत वसूल झाली ती जुलैत. तिन्ही रेघा शिफ्टभर हळूहळू, एकसारख्या खाली उतरू लागल्या. जोडात दोष असता तर एखाद्याच जागी खळगा दिसला असता. तिन्ही एकत्र उतरतात म्हणजे शंका ऑप्टिक्सवर (हेडमधल्या लेन्स-काचांवर). लेन्सला वाचवणारी प्रोटेक्टिव्ह काच काढून उजेडात तिरकी धरली तर तिच्यावर दमटपणाचा पातळ पापुद्रा. हेडला थंड पाणी पुरवणारा चिलर २२ अंशांवर होता आणि पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो, मग थंड हेडवर पाणी धरणारच. ऑप्टिक्सचं पाणी २८ वर नेलं, केबिनचा एसी दिवसभर चालू ठेवला आणि रेघा जागेवर आल्या. स्पॅटरने (वेल्डमधून उडणाऱ्या थेंबांनी) काच डागाळली तरी असंच होतं. आता काच तारीख बघून बदलत नाही, रेघ बघून बदलतो.

कॅमेरा मात्र रोजच्या उत्पादनात फारसा लागत नाही. वेल्डच्या नुसत्या उजेडात सगळं पांढरं दिसतं. ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून फक्त तोच आत सोडणारा फिल्टर लावला की पूलची कड, कीहोलचं (लेझर धातूत पाडतो त्या खोल छिद्राचं) काळं भोक आणि उडणारे थेंब स्पष्ट दिसतात. नवा जॉब सेट करताना आणि नवीन मुलांना शिकवताना याला तोड नाही.

पोरोसिटी, म्हणजे वेल्डच्या आतली पोकळ भोकं, मात्र मॉनिटरच्या भरवशावर सोडू नये. कीहोल कोसळून वायूचा बुडबुडा खाली अडकतो, वरून बीड (वेल्डची पट्टी) सुरेख दिसते आणि रेघही पुष्कळदा पट्ट्यातच राहते. म्हणून आमची हीलियम लीक टेस्ट (हीलियम वायूने गळती तपासणं) चालूच आहे. ॲल्युमिनियमच्या रेघा फार थरथरतात, त्याला लिमिट वेगळ्या आणि सैल ठेवाव्या लागतात.

बॅटरीच्या टॅबसारखी कामं असतील, जिथे खोलीच मोजायची आहे, तर ओसीटीचं (प्रकाशाने खोली मोजणाऱ्या तंत्राचं) हेड बघा. ते कीहोलची खोली वेल्ड चालू असतानाच मोजतं. डायोड खोलीचा फक्त अंदाज देतात. ओसीटी महाग पडतं, पण गिऱ्हाईक खोलीचा आकडा मागत असेल तर दुसरा इलाज नाही.