मँडरिन शिकायला चीन की तैवान? आधी व्हिसाचं बघा

वाळूजच्या कंपनीत दुभाष्याचं काम, अजिंठा-वेरूळला गाइडगिरी किंवा नुसती हौस, कारण कोणतंही असो. मँडरिन तिकडे जाऊनच शिकायचं ठरलं की मुख्य दारं दोन, चीन आणि तैवान. फी, शहर, जेवणखाण यावर घरात तासन्‌तास चर्चा होते आणि व्हिसा मात्र ‘एजंट बघील’ म्हणून सोडून दिला जातो. लातूर-नांदेडकडच्या एजंटांचा हात बसलेला असतो एमबीबीएसच्या कागदांवर. भाषेच्या कोर्सचं, त्यातही तैवानचं काम त्यांच्याकडे क्वचितच येतं. तेव्हा स्वतःच समजून घेतलेलं बरं.

चीनचा हिशोब सरळ आहे. १८० दिवसांपर्यंतच्या कोर्सला एक्स-२ व्हिसा, त्याहून जास्त असेल तर एक्स-१. एक्स-१ साठी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि सोबत जेडब्ल्यू-२०२ हा फॉर्म लागतो. चीन सरकारची स्कॉलरशिप असेल तर जेडब्ल्यू-२०१. हे कागद विद्यापीठच पाठवतं, त्यामुळे खरी वाट बघायची ती त्यांची. वर्षभराच्या कोर्सला वैद्यकीय तपासणीचा ठरलेला फॉर्मही भरावा लागतो: रक्त, एक्स-रे, ईसीजी, आणि फोटोवर दवाखान्याचा शिक्का. शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर आलाय ना, हे तिथेच काउंटरवर उभं राहून बघा. तपासणी सहा महिनेच चालते, म्हणून फार आधी उरकायची घाई नको.

एक्स-१ हातात आला की त्यावर राहण्याचे दिवस ‘०००’ छापलेले दिसतात आणि माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. हा व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता असतो. पोचल्यापासून ३० दिवसांत तिथल्या पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाकडे निवास परवान्याचा अर्ज करायचा. परवाना मिळाला की त्याच्या मुदतीपर्यंत अभ्यासात डोकं घालायला मोकळे. वसतिगृहाऐवजी बाहेर खोली घेतली तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, ते विसरायचं नाही. एक्स-२ वर जाऊन ‘तिथे गेल्यावर वाढवून घेऊ’ या भरवशावर मात्र राहू नये.

तैवानचं गणित उलटं. सुरुवात हलकी, पण नंतर सतत लक्ष ठेवावं लागतं. भारताचे तैवानशी राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे दूतावास नाही. ते काम तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र करतं. आधी दिल्ली आणि चेन्नईलाच असलेलं हे केंद्र २०२४ मध्ये मुंबईतही सुरू झालं. मराठवाड्याच्या माणसासाठी हा मोठाच फरक. चीनचा अर्जही मुंबईलाच जातो, म्हणजे दोन्हीकडे देवगिरी किंवा नंदीग्राम पकडायची.

भाषेच्या विद्यार्थ्याला तैवान आधी व्हिजिटर व्हिसा देतं, ६० किंवा ९० दिवसांचा. तो तिथे राहून वाढवता येतो, एकूण १८० दिवसांपर्यंत. मान्यताप्राप्त केंद्रात किमान चार महिने शिकून झालं आणि पुढच्या तीन महिन्यांची फी भरलेली असली, की रेसिडेंट व्हिसासाठी अर्ज करता येतो. आठवड्याला किमान १५ तास वर्ग हवेत, आणि दरवेळी हजेरी तपासली जाते. दांड्या मारणाऱ्याचं तिथे काही खरं नाही. व्हिसा हातात पडला की त्यावर मुदतवाढ मिळणार नाही असा शेरा नाही ना, हे पहिलं बघा. तो असेल तर वाढ विसरा.

पैशांचा पुरावा हा आपल्याकडचा नाजूक विषय. घर शेतीवर, आयटीआर नाही, आणि खात्यात पैसा येतो तो कापूस-सोयाबीन विकल्यावर एकदम. सातबारा तिकडे कोणी वाचत नाही. एखादी एफडी आणि काही महिने स्थिर राहिलेली शिल्लक जास्त उपयोगी पडते. तैवानची ह्वायू स्कॉलरशिप मिळाली तर हा प्रश्न बराच सुटतो. तिचा अर्जही त्याच केंद्रामार्फत जातो, पण विमानभाडं आपलं आपण.

लिपी हाही मुद्दा आहेच. चीनमध्ये सोपी केलेली अक्षरं, तैवानमध्ये जुनी भरगच्च. चिनी मशिनची पुस्तिका वाचायची असेल तर पहिलीच कामाची.

माझं मत विचाराल तर स्वतःच्या खर्चाने वर्षभर जाणाऱ्याने चीन धरावं. त्रास सगळा निघण्याआधीच होऊन जातो. तीन-चार महिने शिकून जमतंय का बघायचंय किंवा ह्वायू मिळालीय, तर तैवान. ‘आधी तैवान, पटलं तर तिथेच वर्ष काढू’ हा बेतही चालेल, फक्त मुदतीच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवायची सवय हवी.

पासपोर्ट अजून नसेल तर आजच अर्ज करा. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी असतं. विद्यापीठाच्या फॉर्मवर मात्र नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने टाका. प्रवेशपत्रात एक अक्षर चुकलं तर नवीन कागद येईपर्यंत महिना जातो, आणि तेवढ्यात सेमिस्टर सुरू होतं.