टोल रोड: रस्त्याला चार स्टार, कराराला दोन

सहा महिने रोज जातोय या रस्त्यावरून, म्हणजे आता बोलायचा हक्क आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण दुखणं एकट्या कंपनीचं नाही, त्या पीपीपी (सरकार आणि खाजगी कंपनीची भागीदारी) प्रकाराचंच आहे.

आधी चांगलं सांगतो. खड्डा एक नाही, पट्टे रात्री चमकतात, एकदा टायर बसला तर पेट्रोलिंगची गाडी वीस मिनिटांत हजर. सरकारी खात्याकडून हे झालं असतं असं मला तरी वाटत नाही.

पण शेजारच्या सर्व्हिस रोडवर पाऊस पडला की गुडघाभर पाणी, हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे तो आमच्या स्कोपमध्ये नाही खात्याला विचारा, खात्यात गेलो तर म्हणे कंत्राटदाराला विचारा. चार चकरा मारल्या मी. पाणी तसंच.

म्हणून सरकार चांगलं की खाजगी हे भांडण मला आता बिनकामाचं वाटतं. तोटा झाला तर कुणाचा, हे करारात काय लिहिलंय ते बघा. कॅलिफोर्नियात स्टेट रूट ९१ वर १९९५ मध्ये खाजगी टोल लेन सुरू झाल्या आणि अट काय, तर शेजारचा फुकटचा रस्ता सरकारने वाढवायचा नाही! म्हणजे फुकटवाले जितके अडकतील तितका धंदा जोरात. लोक वैतागले, शेवटी २००३ मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक संस्थेने २० कोटी ७५ लाख डॉलर मोजून त्या लेन विकत घेतल्या. शिकागोने तर २००८ मध्ये ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी देऊन टाकले, ११५ कोटी डॉलर एकरकमी घेऊन, आणि आता कशासाठीही रस्ता बंद करून मीटर अडवायचे तर महापालिकाच कंपनीला भरपाई देते. आपल्याच रस्त्यावर भाडेकरू झाल्यासारखं.

उलटंही होतं हां. इंडियाना राज्याने २००६ मध्ये आपला टोल रोड ३८० कोटी डॉलरला ७५ वर्षांसाठी दिला, पुढे गाड्याच कमी आल्या आणि २०१४ मध्ये चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. रस्ता चालूच राहिला, राज्याचे पैसे आधीच खिशात. इथे तोट्याची जोखीम खरंच कंपनीने उचलली होती.

मला सगळ्यात पटलेली आयडिया चिलीची. १९९८ मध्ये सांतियागो-वालपराइसो हायवेचा लिलाव केला तेव्हा किती वर्षं टोल घेणार हे विचारलंच नाही, एकूण किती वसूल करणार ते विचारलं (व्याजाचा हिशेब धरून), जो सर्वात कमी आकडा सांगेल त्याला काम. तेवढी रक्कम जमली की करार खलास. गाड्या कमी आल्या तर मुदत लांबते, जास्त आल्या तर लवकर संपते, त्यामुळे ट्रॅफिकचे फुगवलेले अंदाज दाखवून काम मिळवायची मजाच जाते.

आमच्या नाक्यावर दर लिहिलेला मोठा बोर्ड आहे, वसुली किती झाली आणि किती राहिली याचा नाही. तो लावला तर अजून एक स्टार देईन.

आणि हो, सर्व्हिस रोडने जाणारे टू-व्हीलरवाले, नाक्याच्या जरा अलीकडे उघडं गटार आहे, पाण्याखाली दिसत नाही.