खाजेने हैराण झालेला लहान कुत्रा: इंजेक्शन, गोळी की आहारचाचणी?

पावसाळा सुरू होऊन हवेतला दमटपणा वाढला, की कोल्हापुरात लहान, केसाळ कुत्री पाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: कुत्रा रात्रभर पंजे चाटतो, कान झाडतो, पोट फरशीवर घासतो आणि घरातल्या कोणालाच झोपू देत नाही. अशा वेळी मालकापुढे साधारणपणे तीन मार्ग ठेवले जातात. पहिला स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा, दुसरा खाज थांबवणाऱ्या नव्या गोळीचा आणि तिसरा आहार बदलून पाहण्याचा. आमच्या सहा किलो वजनाच्या ल्हासा कुत्रीसाठी आम्ही दीड वर्षात हे तिन्ही मार्ग धरून पाहिले. त्यांचा क्रम चुकल्यामुळे तिला जे महिने विनाकारण खाजवत काढावे लागले, ते दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून ही तुलना मांडत आहे.

या तिन्हींपैकी काहीही निवडण्याआधी पिसवांचा प्रश्न निकालात काढावा लागतो. "आमच्या कुत्र्याच्या अंगावर एकही पिसू नाही," असे सांगणारे मालक खोटे बोलत नसतात. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेला कुत्रा सतत चावून-चाटून त्या स्वतःच गिळून टाकतो, आणि एखाददुसरा चावाही त्याला दिवसचे दिवस खाजवायला पुरतो. खूण शोधायची ती शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर. तिथून बारीक दातांची फणी फिरवावी आणि फणीत आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवावी. साधी धूळ काळीच राहते, पण ती पिसवांची विष्ठा असेल तर तिच्याभोवती गंजासारखे तांबूस वर्तुळ पसरते, कारण त्या विष्ठेत पचलेले रक्त असते. आमच्याकडे असे वर्तुळ उमटले ते दोन इंजेक्शने देऊन झाल्यावर. पिसवांच्या एकूण संख्येतल्या जेमतेम ५ टक्के कुत्र्याच्या अंगावर असतात. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गोधडीत, सोफ्याच्या फटींत आणि पायपुसण्यात असतात. त्यामुळे एक महिना औषध देऊन थांबण्यात अर्थ नाही, निदान तीन महिने ते सलग चालवावे लागते. कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरे खाजत असतील आणि घरातल्या माणसांच्या अंगावरही पुरळ उठत असेल, तर मात्र संशय खरजेचा धरावा.

पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब घ्यावेत की पोटात द्यायची गोळी, याचे उत्तर शाम्पूवर अवलंबून आहे. पावसाळ्यात खाजवून जखमी झालेल्या कातडीवर जिवाणू आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) हमखास वाढतात. कुबट, तेलकट वास आणि बोटांच्या बेचक्यांतला तपकिरी चिकटपणा ही यीस्टची ओळख. त्यासाठी क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोल असलेला शाम्पू सुरुवातीला आठवड्यातून दोनदा लावून, घड्याळ लावून १० मिनिटे अंगावर ठेवावा लागतो, आणि इतक्या वेळा आंघोळ घातली की मानेवरचे थेंब टिकत नाहीत. म्हणून अशा कुत्र्याला फ्लुरालेनरसारखी, एका मात्रेत १२ आठवडे पिसवांवर काम करणारी गोळी अधिक सोयीची ठरते. कुत्र्याला कधी झटके आले असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे, कारण या गटातल्या औषधांबाबत तोच मुख्य इशारा आहे.

आता स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि खाजेवरची गोळी यांच्याकडे येऊ. स्टिरॉइड स्वस्त आहे, वेगवान आहे आणि जवळजवळ कोणत्याही कारणाची खाज दाबते. त्याची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही यातच आहेत. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस देऊन हळूहळू कमी करता येतात. दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन मात्र एकदा टोचले की परत काढता येत नाही, त्याचा अंमल कित्येक आठवडे चालतो आणि त्या काळात काही बिघडले तरी मालकाच्या हातात काही उरत नाही. आमची कुत्री त्या दिवसांत पाण्याचे भांडे रिकामे करून पुन्हा भांड्यापाशी उभी राहायची, रात्री दोनदा लघवीला उठवायची आणि सतत भुकेलेली असायची. हे अपेक्षित दुष्परिणाम आहेत हे आम्हाला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. वारंवार दिलेल्या स्टिरॉइडने कातडी पातळ होते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते, म्हणजे ज्या पावसाळी त्रासासाठी ते दिले जाते तोच त्रास त्यातून वाढू शकतो.

ऑक्लासिटिनिब, म्हणजे ॲपोक्वेल या नावाने मिळणारी गोळी, स्टिरॉइड नाही. अमेरिकेत तिला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. खाजेचा निरोप पोहोचवणारी शरीरातली साखळी ती मध्येच अडवते आणि बहुतेक कुत्र्यांना काही तासांत आराम पडू लागतो. मात्रा किलोमागे ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम असते, पहिले १४ दिवसांपर्यंत दिवसातून दोनदा आणि त्यानंतर एकदाच. तहान आणि भूक स्टिरॉइडसारखी भडकत नाही, आणि नको वाटली तर दुसऱ्या दिवशी थांबवता येते. मात्र एक वर्षाखालच्या पिल्लाला, गंभीर जंतुसंसर्ग असलेल्या किंवा कर्करोग झालेल्या कुत्र्याला ती देत नाहीत. किमतीने ती बरीच महाग आहे, तरी मात्रा वजनावर ठरत असल्याने सहा किलोच्या कुत्र्याचा खर्च लॅब्राडोरच्या मानाने पुष्कळच कमी येतो. दोन्हींत निवड करायची झाली, तर लहान कुत्र्यासाठी मी ही गोळी घेईन. मात्र तीही कारण शोधून देत नाही.

घरातली औषधे थोडक्यात सांगतो. सेटिरिझिन या माणसांच्या ॲलर्जीवरच्या गोळीचा उपयोग झाला तर अगदी बेताचा होतो, आणि माणसांच्या सर्दीच्या मिश्र गोळ्यांमधले इतर घटक कुत्र्याला घातक ठरू शकतात. माणसांचे स्टिरॉइडयुक्त मलम कुत्रा चाटून पोटात घालतो. टी ट्री तेल, फिनेल आणि गाडीचे जळके ऑइल यांपैकी काहीही त्याच्या अंगाला लागू देऊ नये.

आहारचाचणी हा सर्वांत कष्टाचा मार्ग आहे आणि अन्नाच्या ॲलर्जीचे खात्रीचे उत्तर देणाराही तोच आहे. रक्त तपासून अन्नाची ॲलर्जी ठरवण्याच्या चाचण्या विश्वासार्ह नाहीत, आणि केस किंवा लाळ पाठवून येणाऱ्या अहवालांवर पैसे घालवू नयेत. कुत्र्यांमध्ये ज्या पदार्थांची ॲलर्जी अधिक आढळते त्यांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे पुढे आहेत; आपल्याकडची दूध-चपाती आणि चिकन-भात यांत त्यातले तीन येऊन जातात. त्यामुळे कुत्र्याने आजवर कधीच न खाल्लेले एकच प्रथिन निवडून, त्याखेरीज काहीही न देता, ८ आठवडे काढायचे असतात. कोल्हापूरच्या घरात मटण हे बहुधा "कधीच न खाल्लेले" नसते, कारण रविवारचे उरलेले तुकडे त्याने पूर्वीच चाखलेले असतात. रस्स्यातला कांदा आणि लसूण तर कुत्र्याला विषारीच आहेत. म्हणून आम्ही रत्नागिरीकडून येणारा बांगडा उकडून, काटे काढून, रताळ्यासोबत दिला. दुसरा पर्याय हायड्रोलाइज्ड प्रथिनांच्या तयार खाद्याचा. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना सहसा ओळखत नाही. सहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम लागत असल्याने ८ आठवड्यांत साधारण सहा किलो खाद्य संपते. ज्यांना रोज मासे उकडणे जमणार नाही आणि ज्यांचे कुत्रे अजून वाढत्या वयात आहे, त्यांनी हाच पर्याय घ्यावा.

आमची पहिली चाचणी चौथ्या आठवड्यात मोडली. शेजारच्या मावशी रोज संध्याकाळी तिला प्रेमाने एक बिस्किट देत होत्या आणि त्यात गहू व दूध दोन्ही होते. चूक मावशींची नव्हती, आम्ही त्यांना काही सांगितलेच नव्हते. दुसऱ्या वेळी फाटकावर पाटी लावली, आणि पिसवांची मटणाच्या वासाची चघळायची गोळी चाचणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच देऊन टाकली, म्हणजे पुढचे आठही आठवडे तिच्या १२ आठवड्यांच्या अंमलात आले. सुरुवातीच्या दिवसांत खाज सोसवत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑक्लासिटिनिबची गोळी जोडीला चालते, फक्त शेवटचे दोन-तीन आठवडे तिच्याशिवाय काढावे लागतात, नाहीतर आराम कशाने पडला हे कळत नाही.

खाज कमी झाली तरी तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. जुने अन्न पुन्हा सुरू करून दोन आठवडे पाहावे. खाज परतली, तर कारण अन्नातच होते आणि मग एकेक पदार्थ तपासून दोषी कोण ते शोधता येते. खाज मुळातच कमी झाली नाही, तर रोख धूळ, परागकण आणि घरातल्या धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) यांच्या ॲलर्जीकडे वळतो. अशा कुत्र्यासाठी ऑक्लासिटिनिब दीर्घकाळ चालवावी की ॲलर्जीच्या लसींचा, परिणाम दिसायला वर्षभरही लागू शकेल असा उपचार करावा, हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवावे लागते. त्यासाठी शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय पुणे-बंगळूर महामार्गावरच आहे. आमच्या कुत्रीला कोंबडी दिल्यावर पाचव्या दिवशी तिने पुन्हा पंजे चाटायला सुरुवात केली. आता तिच्या खाद्याची पिशवी घेताना आम्ही पुढचे चित्र पाहत नाही, मागची घटकांची यादी वाचतो.