सुट्या हाडांचा प्लास्टिक सेट: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

अ‍ॅनॅटॉमी पक्की करायची म्हणून लाइफ साइज हाफ बोन सेट मागवला होता, आता बऱ्यापैकी हाताळून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. हाफ म्हणजे कवटी, खालचा जबडा, मणके, बरगड्या, छातीचं मधलं हाड, हायॉइड (जिभेच्या मुळाशी असलेलं गळ्यातलं छोटं हाड) आणि हातापायाची हाडं फक्त एकाच बाजूची. स्टँडवर लटकवलेला अख्खा सांगाडा घ्यावा की सुटी हाडं, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, तर शिकायचंच असेल तर सरळ सुटी घ्या. लटकवलेल्या सांगाड्यात प्रत्येक हाड आपापल्या जागेवर असतं, मग ओळखायचं काय उरलं? सुटं हाड हातात आलं की वरचं टोक कुठलं, पुढची बाजू कुठली, डावं की उजवं, सगळं त्या हाडावरूनच काढावं लागतं आणि खरा अभ्यास तिथेच होतो.

मांडीचं हाड म्हणजे फीमर या सेटमधलं सगळ्यात झकास. गोल डोकं आतल्या बाजूला, मागे लिनिया अस्पेराची उभी धार, खाली दोन कॉन्डाइल म्हणजे गुडघ्याकडचे गोलसर उंचवटे, एवढं बघितलं की बाजू लगेच ठरते. कॉलरबोन पण मस्त जमलंय, बाहेरचं टोक चपटं, आतलं जाडजूड, आणि आतला मोठा भाग पुढे फुगलेला. फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, मात्र घोटाळ्याचं काम आहे. या हाडाची बाजू ठरवताना खालच्या टोकाशी आतल्या अंगाला असलेला तिकोनी गुळगुळीत भाग आणि त्याच्या मागचा खड्डा बघायचा असतो, आणि इथे तो खड्डा नुसता दबलेला, नीट कळतच नाही. वर साच्याची शिवण हाडभर गेलीय आणि ती अगदी हाडाच्या कडेसारखी दिसते. बारीक सॅंडपेपरनं ती घासून टाकली, त्यानंतर हाड जरा वाचता येतं.

मणक्यांबद्दल माझी खरी तक्रार आहे. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं, पाठीच्यांना बरगडी टेकायच्या जागा, कमरेच्यांची बॉडी म्हणजे पुढचा जाड भाग दणकट, असं बघत बघत मणका ओळखतात. या सेटमध्ये पहिला मणका अ‍ॅटलस म्हणजे बॉडी नसलेलं कडं, आणि दुसरा अ‍ॅक्सिस, त्याचा वर आलेला दातासारखा भाग, हे दोन्ही छान आहेत. पण पाठीचे बारा जवळपास एकाच साच्यातले, बरगडीच्या जागा पुसट, त्यामुळे पहिला आणि बारावा शेजारी ठेवले तरी फरक समजत नाही. शिकणाऱ्याचं यात सरळ नुकसान आहे. हातात २७ हाडं, पायात २६, ती तारेत ओवून दिलीत, क्रम समजायला चांगलं पण मनगटातली आठ छोटी हाडं एकेक उचलून सगळीकडून बघायची असतील तर तार अडवते. आणि पेल्व्हिस म्हणजे ओटीपोटाचा हाडाचा भाग पुरुषाचा, मागच्या कडेची सायॅटिक खाच अरुंद असलेला. बाईचा सोबत नसल्यानं ती रुंद खाच शेजारी ठेवून बघायची सोय नाही.

एकाच बाजूची हाडं म्हणजे डावं-उजवं कसं शिकणार, असं वाटेल. तर दुसरी बाजू आपल्या अंगावर आहेच की! मला या सेटचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला, हातात हाड धरायचं आणि तेच स्वतःच्या कातडीखाली शोधायचं. हाताचा तळवा खाली केला की मनगटाच्या मागे करंगळीच्या बाजूला जो उंचवटा वर येतो ते अल्नाचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या करंगळीकडच्या हाडाचं डोकं, घड्याळाच्या पट्ट्याजवळ बघा, जवळपास प्रत्येकाच्या हातावर दिसेल. कोपर सरळ करून मागच्या बाहेरच्या खळीत बोट ठेवा आणि पंजा पालथा-उताणा करा, बोटाखाली रेडियसचं, म्हणजे त्याच्या शेजारच्या अंगठ्याकडच्या हाडाचं डोकं गरकन फिरतं. हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी किती तरी वेळ नुसता हात फिरवत बसले होते!

मग बाहेर पण नजर जातेच. मान खाली घालून मोबाइल बघणाऱ्याच्या मानेच्या तळाशी टोक आलेलं दिसतं ते बहुतेक वेळा सातवा मणका, काहींचा त्याच्या खालचा जास्त उठून दिसतो. कोणी जिना चढत असेल तर घोटे बघा, आतला टिबियाचा म्हणजे नडगीच्या हाडाचा, बाहेरचा फिब्युलाचा, आणि बाहेरचा नेहमी थोडा खाली. नडगीवर तर आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाडच आहे, म्हणून तिथे नुसतं आपटलं तरी जीव जातो. छातीवर गळ्याच्या खाचेतून बोट खाली सरकवलं की एक आडवा उंचवटा लागतो, तिथे दुसरी बरगडी जुळते, तिथून पुढच्या बरगड्या मोजता येतात. डॉक्टर स्टेथोस्कोपची जागा याच खुणेवरून मोजतात हे कळल्यावर ती बरगडी कधीच विसरत नाही.

नव्यानं शिकणाऱ्यांनी, चित्रकारांनी, फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी हा सेट जरूर घ्यावा. परीक्षेत बारीक खुणा विचारल्या जाणाऱ्यांनी मात्र कॉलेजच्या खऱ्या हाडांसोबतच वापरावा, एकट्यावर विसंबू नये. ऑर्डर करायच्या आधी विक्रेत्याकडून पाठीच्या मणक्यांचे बाजूनं काढलेले आणि फिब्युलाच्या खालच्या टोकाचे फोटो मागवा, आणि पंजा तारेत आहे की इलॅस्टिकमध्ये ते विचारा, इलॅस्टिकवाला मिळाला तर तोच घ्या.