स्वतःची वेबसाइट की नुसतं इन्स्टाग्राम?

चिकमगळूर किंवा अराकूहून कॉफीच्या बिया आणून, पुण्यात भाजून विकणाऱ्या छोट्या व्यवसायापुढे हा प्रश्न लवकरच येतो.

इन्स्टाग्रामला सुरुवातीचा खर्च जवळजवळ नाही. भाजताना रंग पालटणाऱ्या बियांची रील लोक आवडीनं बघतात. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावला, यूपीआयनं पैसे घेतले, की विक्री सुरू. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच तेच सांगावं लागतं: चिकोरी (कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड) आहे का, फिल्टरसाठी दळून मिळेल का, कुरिअरला किती दिवस लागतील? ऑर्डरी वाढल्या की निरोप नजरेतून सुटतात.

वेबसाइटवर ही उत्तरं एकदाच लिहायची. प्रत्येक कॉफीचं स्वतंत्र पान हवं: मळा कुठला, जात अरेबिका की रोबस्टा, भाजल्याची तारीख, दळण निवडायची सोय आणि २५० ग्रॅमचा भाव. कुरिअरचा खर्चही तिथंच सांगा. तो शेवटच्या पायरीवर कळला तर माणूस निघून जातो, आणि त्याचं काही चुकत नाही. पान मोबाइलवर पटकन उघडावं म्हणून फोटो हलके ठेवा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा, १४ अंकी क्रमांक तळाशी द्या. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) यांचा खर्च मात्र चालूच राहतो.

बिया घरपोच विकायच्या असतील तर माझं मत साध्या, चार-पाच पानांच्या वेबसाइटला. रील तिच्याकडे माणसं आणायला. नुसतं गल्लीतलं कॅफे असेल तर वेबसाइट थांबू शकते. गुगल मॅपवरची नोंद, वेळा आणि मेन्यूचे फोटो मात्र आजच भरा.