झेड-४ कुठे विकावी: कोल्हापुरात, पुण्याच्या शोरूमला की स्वतः?

गेल्या थंडीत मी माझी बीएमडब्ल्यू झेड-४ विकली. दोन सीटची, पत्र्याचं छत मागे घडी होऊन डिकीत जाणारी, एमएच-०९ पासिंगची. विकण्याआधी तिन्ही वाटा चाचपून बघितल्या. तुमच्याही दारात अशी जिवापाड सांभाळलेली गाडी असेल, तर घाई करू नका.

इथल्या डीलरकडे पैसे लवकर मिळतात, पण गाडी पाडून मागतात. त्यात त्यांचाही नाइलाज आहे. स्विफ्टला गिऱ्हाईक कधीही मिळतं. दोन सीटची गाडी किती महिने दारात उभी राहील, हे त्यांनाही सांगता येत नाही. शिवाय जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के कर भरावा लागतो. तो हिशेब तुम्हाला सांगितलेल्या भावात धरलेलाच असतो. घरची गाडी तुम्ही थेट दुसऱ्याला विकलीत, तर हा कर लागत नाही. मी गेलो त्या डीलरने वर्ष आणि किलोमीटर विचारले, सर्व्हिसची फाईल उघडलीसुद्धा नाही. तिथेच माझं मन उडालं. गाडी कशी ठेवली याची किंमतच होणार नसेल, तर इतकी वर्षं ती कशासाठी जपली?

पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये गाडी ठेवायची आणि विकली गेली की कमिशन द्यायचं, ही दुसरी वाट. अशा गाड्यांचं गिऱ्हाईक तिथे आहे, हे खरं. पण पुणं इथून सव्वादोनशे किलोमीटरवर. रोज कोण चालवतं, बॅटरी कोण बघतं, छत दिवसातून किती वेळा उघडझाप होतं, यातलं काही तुम्हाला दिसत नाही. ठेवायचीच असेल तर आरटीओचं अधिकारपत्र असलेल्या डीलरकडेच ठेवा आणि फॉर्म २९-सी भरून गाडी सोपवल्याची ऑनलाइन नोंद करा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार त्या नोंदीनंतर गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. नुसत्या कच्च्या पावतीवर किल्ली देऊ नका.

मी तिसरी वाट धरली, थेट विक्रीची. अडीच महिने लागले. निम्मे फोन नुसत्या हौसेचे होते. निपाणी-बेळगावची माणसं मनापासून विचारत होती, पण गाडी कर्नाटकात न्यायची म्हणजे इथल्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि वर तिथला रोड टॅक्स. तो खर्च ते आपल्या भावातून वजा करूनच बोलतात. म्हणून गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं मिळालं तर बरं.

शेवटी पुण्याचे एक गृहस्थ रविवारी सकाळी आले. छत बंद करून वर दहा मिनिटं पाइपने पाणी मारा म्हणाले. मग आत बसून काचेच्या कडेच्या रबरावरून कोरडा टिश्यू फिरवला आणि उजेडात धरून बघितला. कोरडा होता. कोल्हापूरचे चार पावसाळे मी दर महिन्याला ते रबर पुसलं होतं, पाणी जायच्या नळ्या मोकळ्या केल्या होत्या; त्याचं मोल त्या एका टिश्यूने केलं. नंतर त्यांनी छताचं बटण दाबलं तर छत हलेना. चेहरा उतरला त्यांचा. डिकीतला आडवा पडदा वर सरकलेला होता. तो खाली ओढून बसवल्याशिवाय या गाडीचं छत उघडतच नाही. तेवढं केलं आणि वीस सेकंदांत छत मागे गेलं. शोरूममधल्या पोराला हे ठाऊक नसतं तर छत बिघडलंय समजून ते गृहस्थ परत गेले असते. वाघबीळची वळणं चढून पन्हाळ्याला जाऊन आलो, आणि परतल्यावर त्यांनी घासाघीस फारशी केलीच नाही. डीलरच्या आकड्यापेक्षा साडेतीन लाख जास्त मिळाले.

थेट विकताना दोन गोष्टींत भीड धरू नका. पहिली, रोख. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला होतो. सगळे पैसे बँकेतूनच घ्या. दुसरी, नाव. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली म्हणजे सुटलो, असं नाही. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच बांधील, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मी पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून ट्रान्सफर फीची पावती आल्यावरच दुसरी किल्ली दिली. विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्रही मागून घ्या. बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि पुढची गाडी तीन वर्षांच्या आत घेतलीत तर तिला चालतो.

पंधरा दिवसांत पैसे हवेच असतील तर डीलर बरा. गाडी दाखवायला वेळच नसेल तर शोरूम. पण फाईल पूर्ण असेल आणि दोन-तीन महिने थांबायची तयारी असेल, तर मी थेटच सांगेन, आणि तेही दिवाळीनंतर, रस्ते कोरडे असताना. फक्त आधी आरसीवरची तारीख बघा. पंधरा वर्षं भरत आली असतील तर थांबण्यात तोटा आहे, कारण झेड-४सारख्या आयात केलेल्या चारचाकीच्या पुनर्नोंदणीची फीच ४०,००० रुपये आहे आणि ती गिऱ्हाईक तुमच्याच भावातून कापणार.